काढायचे टाके

मराठीत 'टाचणे' असं एक साधं क्रियापद आहे. त्याच्यापासून 'टाचणी' झाली आणि 'टाचण'ही झालं. शिंपी कापडाचे दोन तुकडे आधी टाचतो, म्हणजे लांब लांब, सैल टाके घालून तात्पुरते जोडतो. टाचणी चार कागद तात्पुरते एकत्र धरते. आणि तासाला सर बोलत असताना आपण वहीच्या कडेला भराभर लिहितो ते टाचण. परीक्षा संपली की तेही रद्दीत जातं, निदान आमच्या वर्गात तरी जातं. या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. ही सगळी पुढे काढून टाकण्यासाठीच घातलेली असतात.

गंमत अशी की घालायचं कसं हे आपल्याला कोणीतरी शिकवतं, काढायचं कसं हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. काढण्यात काय शिकायचं, ओढलं की निघालं, असा आपला समज. मीही या गोष्टीचा कधी विचार केला नव्हता. तो करायला लागला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, उज्जैनजवळच्या भैरवगढात.

तिथे माझी आत्या राहते. शिंद्यांची राजधानी १८१० साली ग्वाल्हेरला गेली, पण उज्जैनीतली मराठी घरं काही सगळी तिच्याबरोबर गेली नाहीत. अशाच एका जुन्या घरात आत्या चाळीस वर्षांपूर्वी सून म्हणून गेली. तिची मराठी आता निम्मी माळव्याची झाली आहे. भैरवगढ हे शहराच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी आहे. बाहेरच्यांना ते कालभैरवाच्या देवळामुळे आणि तिथल्या तुरुंगामुळे माहीत असतं. पण कापडाच्या व्यापाऱ्यांना विचारलंत तर ते 'भेरूगढ प्रिंट' म्हणतील. तिथल्या छिपा कारागिरांचं ठशांचं आणि बाटिकचं काम प्रसिद्ध आहे. उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक निर्देशनही मिळालं. आम्हां कॉमर्सवाल्यांना हा शब्द बौद्धिक संपदेच्या धड्यात भेटतो. तो धडा मी तिथे वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांत पाहिला.

बाटिकमध्ये कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात. मग कापड थंड रंगात बुडवतात, कारण रंग गरम असला तर मेणच सुटेल. जिथे मेण आहे तिथे रंग चढत नाही. फिक्यापासून गडदाकडे असे रंग चढवत जातात, दर वेळी जो भाग राखायचा तो मेणाने झाकतात आणि शेवटी सगळं कापड उकळत्या पाण्यात घालतात. मेण वितळून वर तरंगतं. ते काढून घेतात, पुन्हा वापरतात. म्हणजे तयार चादरीत आपण जे पाहतो ते मेण नसतं, मेण होतं ती जागा असते. मेण घाईने खरवडलं तर कापडाची वीण दुखावते आणि नीट उकळलं नाही तर ते धाग्यात राहून कापड ताठ होतं. मग दोन कागदांमध्ये ठेवून गरम इस्त्री फिरवावी लागते, म्हणजे उरलेलं मेण कागद शोषून घेतो.

शेजारच्या कारखान्यांतून असं कापड आणून आत्या कुडते आणि ब्लाउज शिवते. तिच्या हाताखाली पहिल्या आठवड्यातच मला धावदोऱ्याचं शिक्षण मिळालं. शिकवण्याची तिची पद्धत बोलून नव्हे, हातावर चापट मारून. धावदोरा कापडाच्या रंगाहून वेगळ्या दोऱ्याचा घालायचा, म्हणजे काढताना चुकून पक्की शिलाई कापली जात नाही. पण भडक लाल किंवा निळा नको. त्याच्यावरून ओली इस्त्री फिरली तर रंगाची रेघ कापडावर राहते. दोरा कच्चा सुती घ्यायचा, कारण भांडण झालं तर दोऱ्याने हरावं, कापडाने नाही. टाका मशीनच्या शिलाईच्या रेषेवर नको, सुतभर बाजूला हवा. बरोबर रेषेवर घातला तर मशीनची सुई त्याच्यातून जाते आणि मग दोघांची गाठ सुटता सुटत नाही.

आणि काढताना? मी एक टोक धरलं आणि ओढायला गेले, तेवढ्यात चापट बसली. "अगं, सगळा दोरा एकदम ओढतेस? कापड चुण्या घेईल ना!" मग तिने दाखवलं. दर चार बोटांवर दोरा कापायचा. टोकाची गाठ आधी कापून टाकायची. मग छोटे छोटे तुकडे चिमट्याने किंवा सुईच्या नाकाने उचलायचे, कापड दुसऱ्या हाताने सपाट धरून. रेशमावर तर फारच जपून, कारण तिथे सुईचं भोकसुद्धा दिसतं. ब्लेड वापरायचं असेल तर त्याची धार नेहमी कापडापासून लांब, दोऱ्याकडे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पक्की शिलाई पुरी झाल्याशिवाय धावदोऱ्याला हात लावायचा नाही.

हे सगळं ती पलंगावर बसून सांगत होती. कारण माझं तिकडे जाणंच तिच्या गुडघ्यासाठी झालं होतं. उज्जैनच्या एका खासगी रुग्णालयात तिच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला होता. आतेभाऊ परदेशात, आतोबांचं वय पंचाहत्तरीला टेकलेलं. मला सुट्टी होती. पुण्याहून इंदूरची गाडी धरली आणि मी उज्जैनला उतरले.

आत्याच्या गुडघ्यावर दोऱ्याचे टाके नव्हते, धातूच्या पिना होत्या. ड्रेसिंग बदलताना मी मोजल्या. सत्तावीस. स्टेपलरने मारलेल्या पिनांसारख्याच त्या दिसत होत्या, एका सरळ रेषेत, जणू कोणी मोठ्या वहीची पानं जोडली आहेत. या यंत्राचा जन्म बुडापेस्टचा. ह्युमेर हुल्टल नावाच्या शल्यविशारदाने १९०८ साली पोटाच्या शस्त्रक्रियेत धातूच्या टाक्यांचं यंत्र पहिल्यांदा वापरलं. मूळ कल्पना मात्र त्याहून फार जुनी आणि आपल्याकडची म्हणायला हरकत नाही. सुश्रुतसंहितेत आतड्याच्या छेदाच्या दोन्ही कडा जवळ आणून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावे घेववावेत, मग मुंग्यांची धडं तोडून डोकी तशीच ठेवावीत, असं सांगितलं आहे. त्यांचे जबडे म्हणजे पिनाच की! त्या पिना काढाव्या लागत नसत. कातडीवरच्या टाक्यांचे सुश्रुताने जे चार प्रकार दिले आहेत त्यांतला एक 'तुन्नसेवनी', म्हणजे रफू करावं तसा टाका. शिवणकाम आणि शल्यकर्म यांचं नातं असं जुनं आहे.

आमच्या बेळगावकडच्या माणसाला हे नातं सांगावं लागत नाही. कानडीत कापडाच्या शिवणीलाही 'होलिगे' म्हणतात आणि जखमेच्या टाक्यांनाही. लहानपणी शेजारच्या काकूंनी "त्याच्या कपाळाला होलिगे घातली" असं सांगितलं तेव्हा, मराठी शाळेत जाणाऱ्या मला, कपाळाला पुरणपोळी कशासाठी बांधली हे कितीतरी दिवस कळलं नव्हतं. पुरणपोळीची 'होळिगे' वेगळी आणि ही वेगळी! पुढे कानडी नीट आल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. टाके डॉक्टरांनी काढले तर 'होलिगे बिच्चिदरु' आणि आपोआप सुटले तर 'होलिगे बिच्चितु'. क्रियापद एकच, फक्त शेपूट बदलतं. मराठीत आपण दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. टाके 'काढले' म्हणजे आनंद, टाके 'उसवले' म्हणजे पुन्हा दवाखाना. काढणं आणि उसवणं यांत अंतर किती, ते मला अकराव्या दिवशी दिसलं.

शस्त्रक्रियेनंतर चौदाव्या दिवशी पिना काढायला या, असं कार्डावर लिहिलं होतं. तेराव्या दिवशी देवासला आतोबांच्या पुतणीचं लग्न होतं. आत्याला लग्नाला जायचं होतं आणि त्या पिना घेऊन जायचं नव्हतं. साडीचा काठ त्यांत अडकतो, खाज सुटते, रात्री पांघरूण लागतं. तिची तक्रार खरी होती. त्यातच शेजारच्या बाईंनी येऊन सांगितलं की त्यांच्या जावेच्या पिना दहाव्याच दिवशी काढल्या होत्या, आणि त्याही घरी. झालं. आत्या मला म्हणाली, "तुझ्या त्या कॉलेजच्या पिशवीत कागदाच्या पिना उपटायचं ते नख्यांचं असतं ना? आण इकडे. चाळीस वर्षं टाके काढतेय मी. सत्तावीस पिनांचं काय एवढं!"

ते नख्यांचं खरोखरच माझ्या पिशवीत होतं. कॉमर्सच्या विद्यार्थ्याकडे ते असायचंच. पण पिन उपटण्याचे परिणाम आमच्याइतके कोणाला माहीत असणार? पूर्वी बँकेत नोटांच्या गड्डीला जाड पिना मारत. त्या उपटताना नोटा फाटत, भोकं पडत. शेवटी २००१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना आदेशच दिला की गड्ड्यांना पिना मारू नका, कागदी पट्टी लावा. कागदाची ही गत, मग कातडीचं काय?

रुग्णालयातून घरी सोडताना तिथल्या सिस्टरने मला पिना काढायचं खरं हत्यार दाखवलं होतं. नख्यांच्या हत्याराशी त्याचं काही नातं नाही. कातडीतल्या पिनेची दोन्ही टोकं आत एकमेकांकडे वळलेली असतात. नुसती वर ओढली तर ती वळलेली टोकं मांस फाडत वर येतात. म्हणून त्या हत्याराच्या खालच्या बाजूला दोन बारीक दांडे असतात, ते पिनेच्या खाली सरकवायचे. वरची एकच जीभ पिनेच्या मध्यावर दाबली जाते. पिन मध्ये वाकते, तशी तिची टोकं उलगडून बाहेरच्या बाजूला सरळ होतात आणि आपली आपण वर येतात. ओढायचं काहीच नसतं. ओढण्याच्या जागी तिथे फक्त दाब आहे.

हे मी आत्याला सांगितलं. तिच्यावर फारसा परिणाम झाला नाही. हत्याराचं काय, ते औषधाच्या दुकानात मिळत असेल, असं तिचं म्हणणं. आतोबा नुसते वर्तमानपत्रामागे बसून होते. तेव्हा मी तिच्याच शाळेतला प्रश्न तिला विचारला. "आत्या, मशीन मारायच्या आधीच गिऱ्हाईक धावदोरा काढायला लागलं तर तू काय म्हणशील?"

"हात मोडीन त्याचा."

"मग आत मशीन मारून झालं का, हे तुला वरून दिसतंय का?"

ती गुडघ्याकडे बघत राहिली. तिला मधुमेह आहे आणि मधुमेहात जखम सावकाश भरते, हे तिलाही ठाऊक होतं. आत नवा सांधा बसवला होता. जखम उघडून जंतू तिथपर्यंत गेले तर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी, हे डॉक्टरांनी आम्हां सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ते नख्यांचं ठेवून दे पिशवीत." देवासला आतोबा एकटेच आहेर घेऊन गेले. त्या रात्री आत्या फारसं बोलली नाही. लग्नाचे फोटो फोनवर आले ते तिने दुसऱ्या दिवशी पाहिले.

चौदाव्या दिवशी आम्ही रुग्णालयात गेलो. ड्रेसिंगच्या खोलीत आमच्या आधी एका मुलाच्या हनुवटीचे दोऱ्याचे टाके निघत होते. तेही मी पाहून घेतलं. सिस्टरने आधी जागा पुसली, मग चिमट्याने गाठ जराशी उचलली आणि गाठीखाली, अगदी कातडीलगत, एकाच बाजूला दोरा कापला. मग गाठ धरून जखमेच्या रेषेकडे ओढली. एकाच बाजूला का, हे मी विचारलं. ती म्हणाली की जो दोरा इतके दिवस बाहेर होता त्याच्यावर मळ आणि जंतू असतात, तो आतून ओढत न्यायचा नाही. कातडीलगत कापलं की बाहेरचा दोरा बाहेरूनच जातो. दोन्ही बाजूंना कापलं तर मधला तुकडा आतच राहतो. चेहऱ्याचे टाके पाचेक दिवसांतच काढतात, नाहीतर टाक्यांचेच व्रण राहतात. हातापायांचे दहा ते चौदा दिवस ठेवतात, सांध्यावरचे त्याहून उशिरा काढायचीही वेळ येते, कारण तिथे कातडी सतत ताणली जाते.

मग आत्याची पाळी आली. सिस्टरने आधी जखमेभोवती लाली आहे का, सूज आहे का, हात लावल्यावर गरम लागतं का ते पाहिलं. मग तिने एकाआड एक पिना काढायला सुरुवात केली. एक काढायची, एक ठेवायची. आत्याच्या डोळ्यांत पाहून मला कळलं की ही रीत तिला पटली. वरच्या भागात काही अडचण आली नाही. खालच्या भागातही नाही. पण गुडघ्याच्या वाटीवर एक पिन निघाली आणि जखमेच्या कडा जराशा हलल्या. त्यांच्यामधून पाण्यासारखा एक थेंब वर आला. सिस्टरने हात थांबवला. ती काही बोलली नाही, डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी पाहिलं, बाजूला हलकेच दाबून पाहिलं आणि सांगितलं की दोन्ही टोकांच्या काढा, मधल्या राहू द्या. सैल झालेल्या जागी त्यांनी कागदी चिकटपट्ट्या आडव्या लावल्या, पाच दिवस गुडघा जास्त वाकवायचा नाही असं बजावलं आणि साखर तपासायला लावली.

मी माझा हिशोब मांडला. सत्तावीसपैकी वीस निघाल्या, शिल्लक सात. चौदाव्या दिवशी, एवढ्या जपून, योग्य हत्याराने काढताना ही गत. अकराव्या दिवशी पलंगावर बसून नख्यांनी उपटल्या असत्या तर काय झालं असतं, हे आम्ही तिघांपैकी कोणीच बोललो नाही. रिक्षात आत्याने माझा हात धरून ठेवला होता एवढंच. माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं, ते रद्द केलं.

त्या पाच दिवसांत मी सुश्रुताचं आणखी थोडं वाचलं. जखमेची पट्टी तिसऱ्या दिवशी सोडावी, घाई करून दुसऱ्याच दिवशी सोडू नये, तसं केल्याने व्रण भरायला वेळ लागतो आणि तीव्र वेदना होतात, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे रोग्यांची आणि त्यांच्या नातेवाइकांची घाई तेव्हाही होती! आजचे डॉक्टर आणखी एक गोष्ट सांगतात. टाके काढायच्या दिवशी कातडी वरून मिटलेली दिसते, पण तिच्यात मूळच्या ताकदीचा लहानसा हिस्साच आलेला असतो. पुरेशी बळकटी यायला तीन महिने लागतात आणि तेव्हाही ती पहिल्याच्या साधारण ऐंशी टक्केच. म्हणून टाके निघाले म्हणजे काम संपलं असं नसतं. चिकटपट्ट्या आपोआप गळेपर्यंत ओढायच्या नाहीत, जखम चोळायची नाही, पाण्यात बुडवून ठेवायची नाही.

एकोणिसाव्या दिवशी उरलेल्या सात पिना निघाल्या. जखम कोरडी होती, कडा मिटलेल्या होत्या. पिना सुया टाकण्याच्या पांढऱ्या डब्यात पडताना मी मोजल्या आणि सत्तावीसचा ताळा जमला. आत्या सिस्टरला म्हणाली, "हात चांगला आहे तुझा. माझ्याकडे कामाला ये." सिस्टर हसली. पण आत्याने दिलेलं हे मोठं प्रशस्तिपत्रक होतं. चाळीस वर्षांत तिने ते फार कमी जणांना दिलं असेल.

परत आल्यावर वसतिगृहातल्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा कळलं की गाडीवरून पडून टाके पडलेल्या दोघींनी ते खोलीवरच ब्लेडने काढले होते. एकीचं निभावलं, दुसरीच्या कोपरावर अजून गाठ आहे. पैसे वाचले, दवाखान्याची रांग वाचली, असं त्यांचं म्हणणं. आम्ही खर्चाचे प्रकार पाठ करतो, पण न दिसणारा खर्च कुठे मांडायचा हे पुस्तकात येत नाही. तेव्हा माझ्या वर्गमित्रांना एवढंच सांगणं आहे. ज्याने टाके घातले त्याने दिलेली तारीख पाळा. त्याआधी जागा लाल झाली, गरम लागली, पू आला किंवा ताप आला तर तारखेची वाटही पाहू नका, सरळ जा. आणि काढायचे टाके काढल्याशिवायही राहू नका. जास्त दिवस राहिले तर कातडी त्यांनाच आपलं मानू लागते, मग काढणं अवघड होतं.

आत्या आता काठीशिवाय चालते. परवा तिचा फोन आला. पुतणीच्या मंगळागौरीसाठी तिने बाटिकचा ब्लाउज शिवायला घेतला आहे, धावदोरा घालून झाला आहे आणि पुतणी घाई करते आहे. आत्या तिला म्हणाली, "थांब. अजून मशीन मारायचं आहे."